वाचकांचे प्रश्न : कन्फर्मेशनची तारीख लागली की

बिशपसाहेबांच्या भेटीची तारीख लागली की ह्या सदराकडे एकाच विषयाची पत्रं सुरू होतात. ह्या वेळी ईमेल आले, व्हॉट्सअ‍ॅप आले आणि एक चक्क आंतरदेशीय पत्र आलं, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने ती वचनं स्वतः पुन्हा द्यायची आणि बिशपांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची तो विधी. आधीच सांगून ठेवते, मी पाळक नाही. शाळेतून रिटायर झालेली बाई आहे आणि आमच्या मंडळीत कन्फर्मेशनचा क्लास घेते. मंडळी जुन्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाची, म्हणजे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं त्याच्या आधी आमच्याकडे बुक ऑफ कॉमन प्रेयर ह्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे उपासना चालायची आणि सवयी अजून बऱ्याचशा त्याच आहेत. तुमच्या डायोसिसमध्ये (बिशपांच्या हद्दीत) काही वेगळं असेल तर पाळकसाहेबांचं आधी ऐका, माझं मागून.

बाई, सलाम. माझा मुलगा 14 वर्षांचा, नववीत आहे. त्याच्या संडे स्कूलच्या बॅचमधली सगळी मुलं यंदा कन्फर्मेशन घेतायत आणि हा म्हणतो मला नाही घ्यायचं. का तर म्हणे, हे सगळं मी मानतो का ते मला नक्की माहीत नाही. सासूबाईंचे गावाकडे सगळ्यांना फोन करून झालेत, ह्यांनी हॉल बघून ठेवलाय. त्याला कसं समजावू? — एक आई, पिंपरी

सलाम. आधी हॉलवाल्याला फोन करा आणि अ‍ॅडव्हान्स परत मिळतो का विचारा. चेष्टा नाही करत, खरंच करा, कारण हॉल ठरलेला असला की घरातलं प्रत्येक बोलणं हॉलवर येऊन थांबतं आणि पोराला ते बरोबर कळतं.

आता त्या दिवशी नेमकं काय होतं बघा. तो तान्हा होता तेव्हा बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्या वतीने वचनं दिली तुम्ही आणि त्याच्या धर्ममातापित्यांनी (गॉडपेरेंट्सनी), तुमचं हो म्हणून झालेलं आहे. कन्फर्मेशनला बिशपसाहेब विचारतात ते त्याला विचारतात, तुझ्या नावाने दिलेली वचनं तू आज देवासमोर आणि ह्या मंडळीसमोर स्वतः पुन्हा देतोस का. 1662 च्या प्रार्थनापुस्तकात तिथे एक बारीकशी सूचना छापलेली आहे, प्रत्येकाने ऐकू येईल असं उत्तर द्यावं. मला ती सूचना फार आवडते. रांगेतल्या दहाजणांच्या आवाजात आपलं ओठ हलवून भागणार नाही असं तीनशे साठ वर्षांपूर्वीच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. आणि वयाचं म्हणाल तर त्या पुस्तकात आकडाच नाही, समज आलेल्यांसाठी एवढंच म्हटलंय. चौदाव्या वर्षी समज येते की सतराव्या ते पोरागणिक बदलतं, बॅचगणिक नाही.

तुमचा मुलगा "नक्की माहीत नाही" म्हणतोय म्हणजे त्याने प्रश्न ऐकलाय. माझ्या क्लासमध्ये मला काळजी वाटते ती पहिल्याच रविवारी सगळ्याला हो हो म्हणणाऱ्यांची, त्यांचं बहुतेक लक्ष नंतरच्या केककडे असतं. तेव्हा त्याला सांगा की क्लासला ये, फॉर्म आत्ता नको भरूस, बिशपसाहेब यायच्या दोन आठवडे आधी काय ते ठरव आणि तेव्हा नाही म्हणालास तरी घरात कुणी एक शब्द बोलणार नाही. हे शेवटचं पाळता येणार असेल तरच बोला. सासूबाईंना त्याच्या बाबांनी सांगावं, पोराला त्यांच्यासमोर उभं करू नका.

आणखी एक, "मानत नाही" म्हणजे नेमकं काय ते जेवताना सहज विचारून बघा. ह्या वयात कधी डायनासोर आणि उत्पत्तीच्या पुस्तकाचा घोळ असतो, कधी आजोबांसाठी एवढी प्रार्थना केली तरी ते गेले हे पोटात राहिलेलं असतं, आणि कधी काहीच नसतं, फक्त आवाज फुटलाय आणि सगळ्या चर्चसमोर गुडघे टेकायची लाज वाटते. तिन्हीची औषधं वेगळी. आजोबांचं निघालं तर क्लासच्या भरवशावर नका राहू, पाळकसाहेबांना घरी बोलवा, चहाला म्हणून.

मी आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा सेक्रेटरी. ह्या वर्षी पास्टोरेट कमिटीने कन्फर्मेशन क्लास माझ्या गळ्यात टाकलाय. जुनी प्रश्नोत्तरी देऊन पाठ करून घ्या आणि महिन्याभरात उरका असं सांगितलंय. पाठांतराने मुलं कंटाळतात. नक्की काय शिकवू? — सेक्रेटरी, नाशिक

भाऊ, कमिटीला आधी सांगा की महिन्याभरात होत नाही. चार रविवारात एक सुट्टीचा, एक मुलांच्या परीक्षेचा, राहिले दोन, त्यात काय डोंबल शिकवणार. तीन-चार महिने तरी मागा, ख्रिस्तजन्माच्या धामधुमीत सुरुवात करू नका.

पाठांतराबद्दल मात्र मी तुमच्या बाजूची नाही. मतांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारा पाठ), प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा आल्याशिवाय कन्फर्मेशन नाही हा 1662 चा नियम आहे आणि इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यात तो अजूनही तसाच लिहिलेला आहे. मला तो जुनाट वाटत नाही. ज्या म्हाताऱ्या माणसांना मुलाचं नाव आठवत नाही ती माणसं प्रभूची प्रार्थना सुरू केली की आपल्याबरोबर ओठ हलवायला लागतात, हे आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या कुठल्याही पाळकाला विचारा. पोरांच्या तोंडात शब्द असू दे, अर्थ आयुष्यभर भरत राहील. चूक होते ती पाठ करून घेऊन तिथेच थांबण्यात.

प्रश्नोत्तरी टाकून देऊ नका, तिची सुरुवातच बघा. पहिला प्रश्न काय आहे? तुझं नाव काय. दुसरा, हे नाव तुला कुणी दिलं. उत्तर असं की माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्या धर्ममातापित्यांनी. मी पहिल्या दिवशी एवढंच करते आणि मुलांना घरी पाठवते, जा, तुझे धर्ममातापिता कोण ते शोधून आण. मग जी मजा होते! कुणाचे दुबईत निघतात, कुणाचे आईशी भांडण होऊन बोलणं बंद असलेले, कुणाचे वारलेले, एकीच्या घरात तर कुणालाच आठवेना. त्या पोरीला घेऊन आम्ही ऑफिसातलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढलं, ते मोठं लांबडं, कोपरे वाळवीने खाल्लेलं, आणि बोट फिरवत फिरवत तिचं नाव सापडलं, पुढे आईवडिलांचं नाव, तारीख, पाळकांची सही, आणि धर्ममातेच्या रकान्यात आमच्याच मंडळीतल्या एका काकूंचं नाव. त्या दर रविवारी तिच्यामागच्या बाकावर बसायच्या. दोघींनाही माहीत नव्हतं. त्या वर्षी कन्फर्मेशनला त्या काकूच साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. तशी साक्षीदाराची पद्धत जुन्या पुस्तकात आहेच, लोकं विसरलेत.

मतांगीकार घेताना एक डबा ठेवा, चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न टाकायचा. तोंडावर कुणी विचारत नाही, चिठ्ठीवर सगळं येतं. येशूला क्रुसावर द्यायला लावणारा पंतय पिलात एवढा वाईट होता तर त्याचं नाव आपण दर रविवारी का घेतो, आत्महत्या केलेला माणूस कुठे जातो, माझी बेस्ट फ्रेंड हिंदू आहे तिचं काय होणार. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा आणि पुढच्या वेळी पाळकसाहेबांना बसवा. प्रेषितांची कृत्ये 8 वा अध्याय घ्या, शोमरोनात बाप्तिस्मा आधीच झालेला असतो, मग पेत्र आणि योहान जाऊन हात ठेवतात आणि पवित्र आत्मा मिळतो. 19 व्या अध्यायात इफिसात पौल हेच करतो. बिशपच का आणि हातच का, ह्याचं मूळ तिथे दाखवता येतं. हेही प्रामाणिकपणे सांगा की अँग्लिकन श्रद्धेच्या 39 कलमांपैकी पंचविसाव्यात कन्फर्मेशनला बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घेणं) ह्यांच्या रांगेत बसवलेलं नाही. येशूने स्वतः नेमून दिलेले विधी ते दोनच.

प्रभुभोजनाचा एक तास पूर्ण हाताने करायचा. व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या तयारीच्या खोलीत न्या, प्याला, तबक हातात घेऊन बघू दे, आशीर्वाद न झालेली वेफर एकेक खायला द्या, कारण ती टाळूला चिकटते आणि पहिल्यांदा खाणारं पोर वेदीपाशी घाबरून खोकायला लागतं. डाव्या तळहातावर उजवा तळहात ठेवून भाकर घ्यायची, प्याला तळाशी हलकेच धरून ओठाकडे न्यायचा, हे चार वेळा करून घ्या. नंतर पाळकसाहेब घरी पडून असलेल्या आजीआजोबांना प्रभुभोजन द्यायला जातात तेव्हा दोन-दोन मुलांना बरोबर पाठवा. माझ्या क्लासमधली मुलं बाकी सगळं विसरतात, हे विसरत नाहीत.

आणि कंटाळवाणं वाटलं तरी हे करा : क्लासला कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, पालकांची लेखी परवानगी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये पालक असलेच पाहिजेत आणि कुठल्याही मुलाला वैयक्तिक मेसेज नाही, गुड मॉर्निंगसुद्धा नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा 2012 पासून आहे. "आपल्या मंडळीत तसलं काही होत नाही" हे वाक्य कमिटीत कुणीतरी म्हणेलच, म्हणू दे, तुम्ही नियम लावा.

शेवटी, कन्फर्मेशननंतरच्या रविवारी काय हे आत्ताच ठरवा. निम्मी पोरं त्या दिवशी चर्चमधून पासआउट झाल्यासारखी गायब होतात आणि आपण त्यांना नावं ठेवतो, पण आपण त्यांना काम कुठे देतो? शास्त्रपाठ वाचायला द्या, क्वायरमध्ये घ्या, साऊंड सिस्टिम तर त्यांच्याकडेच द्या, आत्ता जे काका बघतात त्यांच्यापेक्षा शिट्टी कमी वाजेल.

मी जन्माने हिंदू, नवरा ख्रिस्ती. लग्नाला नऊ वर्षं झाली, दर रविवारी चर्चला येते आणि आता मनापासून बाप्तिस्मा आणि कन्फर्मेशन घ्यावंसं वाटतं. नवऱ्याचा आग्रह नाही. पण त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) मला अजून कळत नाही, काही गोष्टी पटत नाहीत, मी शाकाहारी आहे ते बदलणार नाही आणि मंगळसूत्र काढायचं नाही. मी क्लासला आले तर चालेल का की सगळं पटल्यावर यायचं? — एक वाचक, पुणे

या हो. सगळं पटल्यावर यायचं ठरवलं तर क्लासला मीच जाऊ शकणार नाही.

तुमच्या आधी एक बाई ह्या रस्त्याने गेल्यात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडात वाँटेज इथे झाला, अँग्लिकन चर्चमध्ये, छोट्या मनोरमेसह. आणि बाप्तिस्मा झाला म्हणून प्रश्न संपले असं अजिबात झालं नाही, खरे तिथून सुरू झाले. वाँटेजच्या नन सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या डोरोथिया बील ह्यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचलात तर कळेल, त्रैक्य, येशूचं देवत्व, चर्चची सत्ता, एकही विषय सोडला नाही बाईंनी. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट आहे, इथपर्यंत. सिस्टर वैतागायच्या, गर्व आहे म्हणायच्या. आणि शाकाहार? इंग्लंडच्या थंडीत, सगळ्यांच्या आग्रहात, त्यांनी सोडला नाही. त्याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि आख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. तेव्हा तुम्ही पालक-पनीरवर राहिलात तर मंडळीचं काही बिघडत नाही. मंगळसूत्राचंही तसंच, आपल्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती बायका घालतात, वाटीऐवजी क्रॉस असतो एवढंच.

रीत अशी की मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्याची बिशपसाहेबांना आधी कल्पना द्यायची, म्हणजे बाप्तिस्मा आणि कन्फर्मेशन एकाच उपासनेत घेता येतं किंवा बाप्तिस्म्यानंतर लवकरच. मोठ्यांच्या बाप्तिस्म्याचा वेगळा विधी 1662 च्या पुस्तकात पहिल्यांदा आला. क्लास मात्र मुलांबरोबर नको, मोठ्यांचा वेगळा मागा, दोघीच असलात तरी चालेल. तिथे पाठांतर कमी आणि बोलणं जास्त असतं. मी मोठ्यांना लूकचं शुभवर्तमान घरून वाचून यायला सांगते आणि जिथे अडलं तिथे पेन्सिलने रेघ, बस, तोच त्या दिवसाचा धडा.

माहेरी कधी आणि कसं सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, मंडळीतल्या कुणालाही ते तुमच्या वतीने करू देऊ नका, फोटो फेसबुकवर टाकायचे का हेसुद्धा आधीच स्पष्ट सांगा. सरकारी कागदपत्रांचं काय ते वकिलाला विचारा, त्यात मला गती नाही.

सलाम बाई. मी आयटीत, सहा वर्षं इंग्लंडात रेडिंगला आहे. लहानपणी बाप्तिस्मा सीएनआयमध्ये झाला पण इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेलो आणि कन्फर्मेशन राहून गेलं. इथल्या पॅरिश चर्चमध्ये दर रविवारी प्रभुभोजन घेतो, कुणी काही विचारत नाही. आता मित्राने बाळाचा गॉडफादर हो म्हटलं आणि व्हिकर (इथल्या पाळक) म्हणाल्या की त्यासाठी कन्फर्मेशन हवं. 38 व्या वर्षी तेरा वर्षांच्या पोरांबरोबर बसू? बायको वसईची कॅथलिक आहे, तिचं कन्फर्मेशन शाळेत असतानाच झालंय, तिला परत घ्यावं लागेल का? — रेडिंगहून

तुमच्या व्हिकरबाई बरोबर सांगतायत. चर्च ऑफ इंग्लंडच्या कॅननप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, गॉडपेरेंटचा बाप्तिस्मा आणि कन्फर्मेशन दोन्ही झालेलं हवं. कन्फर्मेशनची अट गरज असेल तर सोडायचा अधिकार त्यांना आहे, पण तुम्ही आधी सूट मागू नका हो, संधी आयती चालून आलीय. प्रभुभोजन कुणी अडवत नाही तेही नियमानेच आहे, दुसऱ्या त्रैक्यवादी चर्चच्या बाप्तिस्मा झालेल्या आणि स्वतःच्या चर्चमध्ये प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांना तिथे 1972 पासून मुभा आहे. त्यातच असंही आहे की एखादा माणूस कायमचाच येणार असं दिसलं तर पाळकाने त्याला कन्फर्मेशनचं सांगावं. तुम्ही सहा वर्षं कुणाच्या लक्षात आला नाहीत एवढंच.

पोरांबरोबर बसायची वेळ बहुधा येणार नाही, मोठ्यांचे वेगळे गट असतात, जवळपासच्या तीन-चार पॅरिश मिळूनही चालवतात. पुष्कळ ठिकाणी अल्फा कोर्सने सुरुवात करतात, जेवण, एक भाषण, मग गप्पा, आणि त्यानंतर चार-सहा बैठका खास कन्फर्मेशनच्या. बाप्तिस्मा कुठे आणि कधी झाला ह्याची त्यांना खात्री करावी लागते आणि तारीख बिशपांना कळवावी लागते, म्हणून आईला सांगून सर्टिफिकेटचा फोटो आत्ताच मागवा, गावच्या मंडळीतून उतारा मिळायला वेळ लागतो. लाजायचं म्हणाल तर कवी टी. एस. एलियटचं ऐका. 1927 च्या जूनमध्ये फिनस्टॉकच्या चर्चमध्ये दारं बंद करून बाप्तिस्मा आणि दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डच्या बिशपांच्या खाजगी चॅपलमध्ये कन्फर्मेशन, वय तुमच्याएवढंच, 38. तुम्ही मात्र दारं उघडी ठेवा, जमल्यास कॅथेड्रलमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत घ्या, अंधारात मेणबत्त्या लागत जातात आणि मग बाप्तिस्मे आणि कन्फर्मेशन, बघण्यासारखं असतं.

बायकोचं कन्फर्मेशन झालंय, ते परत होत नाही. तिला कधी तुमच्या चर्चची सभासद व्हायचं असेल तर तिला नुसतं स्वीकारतात, हात पुन्हा ठेवत नाहीत. पण तिला कॅथलिकच राहायचं असेल तर राहू दे आणि वेदीपाशी चल म्हणून मागे लागू नका, तिच्या चर्चचा नियम अँग्लिकन प्रभुभोजन घ्यायला परवानगी देत नाही आणि मधे ती अडकते.

आदरणीय बाईंस सलाम. वय 75. मूळ नगर जिल्ह्यातला, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतला. 1966 साली आमच्या पाळकांनीच आम्हा मुलांना मंडळीपुढे उभे करून सभासद करून घेतले, बिशप हा शब्दही तेव्हा आमच्याकडे नव्हता. आता नातवाच्या कन्फर्मेशनची तयारी चालू आहे तर इथल्या एका गृहस्थाने, "आजोबा, तुमचे खरे कन्फर्मेशन झालेलेच नाही" असे ऐकवले. झोप लागत नाही. — आजोबा (आंतरदेशीय पत्राने)

आजोबा, तुमचं अक्षर बघून माझ्या वर्गातल्या पोरांना दाखवलं, असं लिहा म्हटलं.

झोपा निवांत. 1970 ला एकत्रीकरण झालं तेव्हा अँग्लिकन, तुमच्या मंडळ्या जिच्यात होत्या ती युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्ट असे सहा जण जसे होते तसे एकमेकांना स्वीकारून आले. तुम्ही प्रभुभोजन घेणारे सभासद म्हणून त्यात आलात. तुम्हाला कुणी पुन्हा तपासणार नव्हतं आणि आता त्या गृहस्थांनीही तपासू नये.

त्यांना थोडा अँग्लिकन इतिहासच ऐकवा माझ्या वतीने. हिंदुस्थानात पहिले अँग्लिकन बिशप मिडलटन आले 1814 साली, तेही कलकत्त्याला. मुंबईचा डायोसिस झाला 1837 ला, पहिले बिशप कार. आता मुंबईचं सेंट थॉमस चर्च, ज्याच्यावरून चर्चगेट नाव पडलं, ते सुरू झालं 1718 ला. म्हणजे शंभरएक वर्षं तिथे येणाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवायला इथे बिशपच नव्हता, मग ती माणसं काय वेदीपासून लांब बसली? पुस्तकात वाट ठेवलेलीच होती, प्रभुभोजन घेणारा कन्फर्मेशन झालेला किंवा त्याला तयार आणि इच्छुक असलेला हवा. अमेरिकेत तर स्वातंत्र्य मिळेपर्यंत एकही अँग्लिकन बिशप नव्हता, पहिले सीबरी, 1784.

तरीही तुमच्या मनात असेल की बिशपांनी डोक्यावर हात ठेवून आपल्यासाठी प्रार्थना करावी, तर पाळकसाहेबांशी बोला, आशीर्वादाला कुणी नाही म्हणणार नाही. पण ते उणीव भरून काढायला म्हणून मागू नका. आणि नातवाला 1966 चा तो दिवस सांगा, कुणाकुणाला उभं केलं होतं, काय विचारलं होतं. त्याच्या क्लासला चार प्रश्न जास्त सुचतील.

माझी मुलगी 17 वर्षांची, डाउन सिंड्रोम आहे. तिला चर्च आवडतं, गाणी सगळी येतात. धाकट्या भावाचा क्लास सुरू झाल्यावर तीही वही घेऊन बसते. तिला मतांगीकार पाठ होणार नाही. विचारायचं धाडस होत नाही. — आई, मुंबई

विचारा. पाठ येण्याचा नियम वर मी मोठ्या तोंडाने सांगितला, पण तो पाळकाने सगळ्यांना नीट शिकवावं म्हणून आहे, कुणाला बाहेर ठेवायला नाही. येशू तुला आवडतो का आणि तुला त्याच्याबरोबर राहायचंय का, ह्याला ती तिच्या पद्धतीने हो म्हणत असेल तर माझ्या मते ती तयार आहे.

तयारी वेगळी करायची. फोटोंची एक छोटी वही बनवा, तिचंच चर्च, तिचेच पाळक, बिशपसाहेबांचा उंच टोपीतला फोटो, म्हणजे त्या दिवशी टोपी बघून बिचकणार नाही. चालत जाणं, गुडघे टेकणं, उठणं, रिकाम्या चर्चमध्ये रोज त्याच क्रमाने. सगळ्यात महत्त्वाचं, डोक्यावर अनोळखी हात तिला चालतो का? कित्येक मुलांना अचानक स्पर्श सहन होत नाही. बिशपसाहेबांना आधी कळवा की हळू, आधी नाव घेऊन, आणि एकच हात. शक्य असेल तर उपासनेआधी पाच मिनिटं त्यांना भेटवा. मतांगीकाराच्या वेळी भाऊ शेजारी उभा राहून म्हणेल, ती तिला येतील ते शब्द म्हणेल. "मी मानते" एवढं प्रत्येक भागानंतर म्हटलं तरी पुष्कळ झालं. आणि पाळकसाहेब आढेवेढे घ्यायला लागले तर मला परत लिहा.

थोडक्यात उत्तरं

बाप्तिस्म्याचं सर्टिफिकेटही नाही, रजिस्टरही सापडत नाही (तिघांचं पत्र) : बाप्तिस्मा पाहिलेलं कुणी हयात असेल तर त्यांचं लेखी म्हणणं घ्या. खरोखरच शंका असेल तर "तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल तर" असं म्हणून बाप्तिस्मा देतात, कारण तो दोनदा होत नाही. घाबरण्यासारखं काही नाही, पण बिशपांच्या भेटीच्या आदल्या रात्री सांगू नका.

धाकटीला सातव्या वर्षीच प्रभुभोजन हवंय : इंग्लंडात 2006 च्या नियमांप्रमाणे बिशपांच्या परवानगीने पॅरिशमध्ये कन्फर्मेशनआधीच मुलांना घेता येतं, वेल्समध्ये तर 2016 पासून बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांना. आपल्याकडे तुमच्या डायोसिसचं काय ते विचारा. माझं मत विचाराल तर द्यावं. भूक लागल्यावर जेवायला वाढतात, जेवणाचं शास्त्र समजल्यावर नाही.

नाव बदलता येतं का : इंग्लंडच्या कॅननमध्ये सबळ कारण असेल तर बिशप नव्या नावाने कन्फर्म करू शकतात. मित्र चिडवतात हे सबळ कारण आहे का ते बिशप ठरवतील.

तेल लावतात का : काही ठिकाणी लावतात, काही ठिकाणी नाही. अँग्लिकन विधीत हात ठेवणं मुख्य.

पांढरी साडीच हवी का : नाही, रीत आहे, नियम नाही. स्वच्छ आणि गुडघे टेकताना अडखळणार नाही असं काहीही. डोक्यावरची ओढणी पिनांनी गच्च बसवू नका, बिशपसाहेबांच्या अंगठीत अडकते, मग सोडवत बसावं लागतं आणि मागची रांग हसते. केसांना तेल बेताचं. मुलग्यांनी जेल नको.

भेट काय द्यावी : स्वतःचं बायबल नसेल तर बायबल, असेल तर पैसे द्या, पोरं नाही म्हणत नाहीत.